प्रकाशाला महादेव चालत नाही

नातवंडांनो, तुमच्यातली थोरली तिकडे प्रकाशावर संशोधन करते, हे मी दहिवलीत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की मी चहा टाकायला उठते. शेवटी एका रविवारी फोनवर तिलाच विचारलं. ती म्हणाली, असा एक पदार्थ असतो, की प्रकाश त्याच्या आतून जात नाही. कडेकडेनं, एकाच दिशेनं जातो. कोपरा येवो, कड तुटलेली असो, वळसा घालून पुढेच. मागे फिरत नाही.

"का?"

"जाऊ दे आजी, तुला नाही कळायचं."

मसाल्याच्या डब्यांनाही इंग्रजीत चिठ्ठ्या लावणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे ऐकवायचं? पुढच्या रविवारी तुलाच समजावून सांगते, असं मी सुनावलं.

दोन दिवसांनी सुचलं: प्रदक्षिणा! पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना घेऊन मी देवळात गेले.

"आता मी प्रकाश," मी जाहीर केलं.

"बरं बाई."

वाटेत शेळी बसली होती. तिला वळसा घालून मी पुढे निघाले. झकास चाललं होतं. तेवढ्यात मागून हाक आली, "बाई, थांबा! महादेव हाय ह्यो. पन्हाळी वलांडू नका, मागं फिरा!"

पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं ती पन्हाळी ओलांडायची नसते. महादेवाची प्रदक्षिणा तिथून उलटी फिरते. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट विज्ञानाच्या नादात विसरले. प्रकाश मुकाट्यानं मागे फिरला.

"मारुतीकडं चला," त्या म्हणाल्या. "त्यो काय नाय बोलत."

मारुतीला पुरी फेरी झाली. मग मी अडलेला प्रश्न त्यांच्यावर ढकलला, "पण कडेनंच का फिरायचं?"

"आत देव हाय म्हनून. देव काढा, मंग बगू कोन फिरतंय!"

रविवारी मी हे उत्तर जसंच्या तसं फोनवर सांगितलं. थोरलीनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आजी, अगदी हेच! आत काय आहे, त्यावरच कडेला काय होणार ते ठरतं. हे तुला सुचलं?"

"हो," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

तेव्हापासून माझ्या पानात पोळी येते ती मध्ये कच्ची आणि कडेला करपलेली. तक्रार करायला तोंड नाही. म्हणून लेखी कबूल करते: ते उत्तर त्यांचं होतं. येत्या रविवारी फोन स्पीकरवर ठेवीन, तेव्हा थोरलीनं त्यांचे आभार मोठ्यानं मानावेत. मला पोळी मधूनही खायची आहे.