‘घमु’ला लिमिटेड करताना

दोन्ही नावं रिजेक्ट झाली होती.

स्क्रीनवरचा मेल मी दोनदा वाचला आणि टेबलापलीकडे बसलेल्या दोघांना सांगितलं. नव्या कंपनीसाठी दिलेल्या पहिल्या नावाशी मिळतंजुळतं नाव कुणीतरी आधीच घेतलं होतं. दुसऱ्या नावातला मुख्य शब्द दुसऱ्याच एका कंपनीचा ट्रेडमार्क निघाला. नामदेव घरतांनी कपाळाला हात लावला. शब्बीर मुकादम मात्र खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी विचारलं, आणखी एक चान्स मिळतो ना? मिळतो, मी म्हटलं, पण एकच. तोही गेला तर पुन्हा फी भरून पहिल्यापासून सुरुवात. आणि महिनाअखेर जवळ आली होती.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. पनवेलला टपाल नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. बोर्डावर ‘सीएस’ लिहिलंय म्हणून निम्मे लोक सीए समजून टॅक्सचे कागद घेऊन येतात. ‘कंपनी सेक्रेटरी’ असं पूर्ण सांगितलं तर उरलेल्यांना वाटतं, मी कुठल्या तरी साहेबाची पत्रं टाइप करते. माझं काम म्हणजे कंपनी कायद्याने जन्माला घालणं आणि ती जिवंत आहे हे दर वर्षी सरकारला कळवत राहणं.

घरत आणि मुकादम रीफर दुरुस्त करतात. रीफर म्हणजे स्वतःची थंड करणारी मशीन असलेला कंटेनर. त्यातून मासळी, द्राक्षं, औषधं परदेशी जातात. घरत उरणकडच्या गावातले. शब्बीरभाई पनवेलचेच, पण बरीच वर्षं आखातात हेच काम करून परत आलेले. दोघं दोन गावचे, पण एकाच कॉम्प्रेसरवर वाकून काम करता करता भागीदार झाले होते. कागदावर काहीच नव्हतं. एक भाड्याचा गाळा, एक टेम्पो, चार मेकॅनिक आणि घरतांची बायको सुनंदाताई, ज्या बिलं करायच्या आणि पैसे वसूल करायच्या.

मग एका परदेशी शिपिंग कंपनीने त्यांना आपल्या यार्डातल्या सगळ्या रीफरचं वर्षभराचं काम देऊ केलं. एवढं काम त्यांनी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. अट एकच. काम घेणारा व्हेंडर ‘लिमिटेड’ कंपनी पाहिजे, आणि महिनाअखेरीपर्यंत कागद जमा व्हायला पाहिजेत.

पहिल्यांदा आले तेव्हा शब्बीरभाई जिने चढून धापा टाकत होते आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, “मॅडम, कंपनी काढायला किती लागतील?”

हा प्रश्न मला रोज येतो. मी सांगितलं. नावाची फी, दोघांच्या डिजिटल सह्या, स्टँप ड्युटी, माझी फी, सगळं मिळून एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत होतं. छोट्या भांडवलाच्या कंपनीला सरकार नोंदणीसाठी फारसं काही घेत नाही. दोघांचे चेहरे खुलले. मग मी पुढचं सांगितलं, जे मला कोणी विचारत नाही. दर वर्षी ऑडिट करावंच लागतं, धंदा झाला नाही तरी. ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरावं लागतं. बोर्ड मीटिंग घ्यावी लागते, तुम्ही दोघं रोज एकाच टेम्पोत फिरत असलात तरी. इन्कम टॅक्सचं रिटर्न वेगळं. ताळेबंद आणि विवरणाचे फॉर्म उशिरा गेले तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये जादा, आणि हे शंभर कुठे थांबत नाहीत. तळोज्यातल्या एका गृहस्थांनी फक्त व्हिजिटिंग कार्डवर ‘डायरेक्टर’ लिहायला कंपनी काढली आणि विसरून गेले. ती बंद करायला आले तेव्हा दंड ऐकून खालीच बसले. बंद करायलाही फी असते.

घरतांचा चेहरा उतरत गेला.

“म्हंजे काडायला थोरा खर्च, न् मंग कायमचा खर्च,” ते म्हणाले. “नाय मॅडम. आमी हाय तसे बरे हाव.”

शब्बीरभाई त्यांना समजावायला लागले. असं काम पुन्हा दारात येणार नाही, नामदेव. घरत मान हलवत राहिले. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या सुनंदाताई पहिल्यांदा बोलल्या.

त्यांनी मला काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. दुरुस्त केलेला एक रीफर वाटेत बंद पडला आणि आतली निर्यातीची कोळंबी खराब झाली. पार्टीने नोटीस पाठवली ती थेट घरतांच्या नावावर. वकिलाने घराचा उल्लेख केला होता. नव्या गावठाणात, सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून बांधलेलं घर. शेवटी सुनंदाताईंचे दागिने मोडून प्रकरण मिटलं. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. शब्बीरभाई खाली बघत होते, कारण तो रीफर त्यांनी दुरुस्त केला होता.

“तवा कंपनी असती,” त्यांनी विचारलं, “तं माज्या घरापरत आले असते का?”

मी सांगितलं, सहसा नाही. लिमिटेडचा अर्थच तो. नुकसान झालं तर पार्टीने कंपनीकडे मागायचं. कंपनीत जे भांडवल, जे सामान, तेवढ्यापर्यंत. मालकाच्या घरापर्यंत यायला वाट नसते, जोवर त्याने फसवणूक केलेली नाही किंवा स्वतः सही करून हमी दिलेली नाही.

सुनंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “मंग करा. दर साली खर्च आला तं आला. तो मी बगतंय.”

असं ठरलं होतं. आणि आता नाव अडलं होतं.

पुढचा अर्धा तास माझ्या ऑफिसात नुसता गलका होता. कूल, फ्रीझ, आइस, पोलर, जे सुचेल ते मी शोधून बघत होते आणि प्रत्येक नाव कुणीतरी आधी घेतलेलं होतं. घरतांना देवीचं नाव हवं होतं. शब्बीरभाईंची हरकत नव्हती, पण त्या नावाच्याही ढीगभर कंपन्या निघाल्या. शेवटी आजही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या सुनंदाताईंनी सांगितलं की त्यांच्या मोबाइलवर दोघांचा मिळून एक ग्रुप आहे, त्याचं नाव ‘घमु’. घरत आणि मुकादम.

मी टाइप केलं. जगात कुठेच ‘घमु’ नव्हतं.

शब्बीरभाईंना हसू आवरेना. “भाभी, लोक ‘घामू’ वाचतील. थंडीचं काम करणारे आणि नाव घामाचं.” घरत म्हणाले की घाम आपलाच हाय, वाचू दे. मी आडनावांवरून शब्द बनवल्याचा खुलासा लिहिला आणि त्याच बैठकीत पाठवून दिलं.

नाव मंजूर झालं तेव्हा मी बाजारात भाजी घेत होते. तिथूनच फोन केला. पलीकडून कसलं तरी मशीन घरघरत होतं आणि त्याच्या वर शब्बीरभाईंचा आवाज, “अल्हमदुलिल्लाह, मॅडम, पुढचं बोला.”

पुढचं सोपं नव्हतं. डिजिटल सहीसाठी कॅमेऱ्यासमोर आपलं नाव सांगून व्हिडिओ द्यावा लागतो. दिवसभर कंटेनरच्या पोटात बसून ठोकठोक करणारे घरत मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर खांबासारखे उभे राहिले आणि स्वतःचं नाव विसरले. चौथ्या वेळी जमलं. कंपनीच्या पत्त्यासाठी गाळामालकाची एनओसी हवी होती. मालकाने ती देण्याआधी भाडं वाढवलं. आता तुम्ही कंपनीवाले, असं त्याचं म्हणणं. हा खर्च माझ्या यादीत नव्हता. तेव्हापासून मी तो यादीत घातला आहे.

सर्टिफिकेट आलं त्या दुपारी मी जेवण अर्धवट टाकून उठले. इतकी वर्षं हे काम करते, तरी त्या कागदावर कंपनीचा लांबलचक नंबर दिसला की मला अजून आनंद होतो. कालपर्यंत जे नव्हतं ते आज आहे, त्याला पॅन नंबर आहे, ते करार करू शकतं, कोर्टात उभं राहू शकतं. शब्बीरभाईंना पाठवलं. त्यांनी ते प्रिंट करून गाळ्यात लावलं आणि खाली चारही मेकॅनिकना उभं करून मला फोटो पाठवला. मुदतीत कागद जमा झाले. यार्डातून निरोप आला, करारावर सही करायला या.

सहीला मी जायचं ठरलं नव्हतं. पण शब्बीरभाई म्हणाले, मॅडम, तुम्ही पण चला, खुशीचा दिवस आहे. उरण रस्त्याला ट्रेलरच्या रांगांतून आमची गाडी निघाली. सुनंदाताईंच्या मांडीवर पेढ्यांचा डबा होता. शब्बीरभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटेत ते नवीन मेकॅनिक कुठून आणायचे याचा हिशोब मांडत होते. घरतसुद्धा हसत होते. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहिलं.

परचेस मॅनेजर मेनन म्हणून होते. बोलायला सज्जन. त्यांनी चहा मागवला आणि कराराच्या दोन प्रती पुढे ठेवल्या. घरतांनी पेन काढलं. मी म्हटलं, मला एकदा वाचू द्या. मेनननी घड्याळाकडे पाहिलं, पण हो म्हणाले.

शेवटून दुसऱ्या पानावर ते कलम होतं. मालाच्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहीलच, शिवाय दोन्ही डायरेक्टर व्यक्तिशः जबाबदार राहतील. खाली दोघांच्या वेगळ्या सह्यांची जागा. हमीपत्र म्हणून.

नावापासून भाड्यापर्यंत आम्ही जे जे केलं होतं, ते सगळं त्या दोन ओळींनी पुसलं जात होतं. मी मेननना म्हटलं, तुम्हाला लिमिटेड कंपनीच पाहिजे होती, आणि आता तुम्ही मालकांची घरंपण मागताय. ते म्हणाले की हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे व्हेंडर सही करतात, आजवर कुणी विचारलं नाही.

सुनंदाताई माझ्याकडे बघत होत्या. “मॅडम, यात घर येतं?”

“येतं.”

त्यांनी नवऱ्याच्या हातातलं पेन घेतलं आणि टोपण लावलं.

मी शब्बीरभाईंकडे पाहिलं, कारण या कामासाठी जीव टाकला होता तो त्यांनी. नवीन मेकॅनिकशी त्यांचं बोलणंही झालं होतं. त्यांनी कराराच्या प्रती मेननकडे सरकवल्या. मग उठले.

“मेननसाहेब, मेहेरबानी,” ते म्हणाले. “भाभीचं घर एकदा माझ्यामुळे धोक्यात आलंय. आता परत नाही. आम्ही निघतो.”

घरतही उठले. सुनंदाताई डबा उचलायला लागल्या. मेननना हे अपेक्षित नव्हतं. त्यांच्या यार्डात बंद पडलेले रीफर रांगेने उभे होते, ते आम्ही येताना पाहिले होते. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि मला विचारलं, मग आमच्या मालाची जबाबदारी कोण घेणार?

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, विमा घेईल. दुरुस्तीतल्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीचा विमा मिळतो. तो आमची कंपनी काढेल, आणि जबाबदारीला वरची मर्यादा घालू, वर्षाच्या कामाच्या रकमेएवढी. तुम्हाला हमीपेक्षा पैसे मिळण्याशी मतलब असेल, तर घर विकून वसूल करण्यापेक्षा विमा कंपनीचा चेक लवकर येतो.

मेनन बाहेर जाऊन हेड ऑफिसशी बोलायला लागले. आम्ही कँटीनमध्ये बसलो. काचेतून ते दिसत होते, फोन कानाला लावून येरझारा घालताना. शब्बीरभाईंनी चहाला हात लावला नाही. घरतांनी दोन ग्लास प्यायले. सुनंदाताईंनी एकदाच विचारलं, नाय म्हणाले तं? शब्बीरभाई म्हणाले, तर काय, पेढे गाळ्यात खाऊ.

मेनन परत आले. हेड ऑफिसने विमा आणि मर्यादा दोन्ही मान्य केलं होतं. हमीचं पान काढून टाकायला त्यांची हरकत नव्हती, फक्त विम्याची पॉलिसी काम सुरू व्हायच्या आधी दाखवायची. नवीन प्रिंट निघाली. मी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि या वेळी कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग घरतांनी आणि शब्बीरभाईंनी सह्या केल्या. कंपनीतर्फे, डायरेक्टर म्हणून. पहिला पेढा मेननना मिळाला.

विम्याचा हप्ता माझ्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त आला. घरतांनी तो परतीच्या वाटेवरच फोनवरून विचारून घेतला आणि फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, “मॅडम, तुमचा खर्च स्वस्त वाटाय लागला.”

कंपनी चालू आहे. आता मेकॅनिक दुप्पट झालेत. ऑडिटचे कागद मी मागायच्या आधीच सुनंदाताई पाठवतात आणि एकही फॉर्म अजून उशिरा गेलेला नाही.

नवीन क्लायंट येतो, कंपनी काढायला किती लागतील असं विचारतो. मी आकडा सांगते. वर्षाचा खर्च सांगते, गाळ्याचं भाडं वाढेल हेही सांगते. एवढा खर्च कशासाठी असं त्याने विचारलं, तर सांगते की या सगळ्यात तुम्ही एकच गोष्ट विकत घेताय, धंद्याचं नुकसान घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्याची सोय. ती दर वर्षी पैसे भरून टिकवावी लागते. घालवायला मात्र हमीपत्रावरची एक सही पुरते, आणि ती फुकट असते.