घमेल्यातलं गाडीचं पाणी

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. बाबांच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होतो, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमची-माझी ओळख नाही — आणि कारण परवा पुतण्यानं एक साधा प्रश्न विचारला.

त्यानं नागपुरात एक जुनी गाडी घेतली आहे. हौसेनं दुरुस्त करतो आहे. "काका, असल्या जुन्या गाडीत ते बिनपाण्याचं कूलंट टाकण्यात काही अर्थ आहे का?" गाड्यांच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा. मी ऐटीत समजावलं. म्हटलं, ते पाण्यापेक्षा फार उशिरा उकळतं, म्हणून वाफ नाही, जुन्या रेडिएटरवर दाब नाही, आतून गंज नाही. पण पाण्याइतकी उष्णता ते उचलत नाही. इंजिन तापतंच, फक्त उकळून ओरडत नाही. आणि जिथून पाणी बाहेर येत नाही, अशा म्हाताऱ्या जोडांतून ते हळूच झिरपतं. वर्षाकाठी दोनदा बाहेर काढायच्या गाडीला ठीक, रोजच्या गाडीला नको. एवढं सांगून मी फोन ठेवला. एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती मी याही वेळी सांगितली नाही.

आता सांगतो. पण जरा दमानं घ्या — मी इतकी वर्षं घेतली आहेत.

ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा. तिगावजवळ आमची संत्र्याची बाग, शेजारीच काकांचं शेत. विहीर एक, गोठा एक, मधे अंगण. आणि अंगणात बाबांची विलायती गाडी, माझ्याहून वयानं मोठी. गावात तिला सगळे 'मेम' म्हणत. मेमचा स्वभाव तापट. मला मुलगी पाहायला सौंसरला गेलो, तर मेमनं मुलीच्या दारातच शिट्टी मारली आणि वाफेचा असा लोट सोडला की पोहे आणणारी मंडळी कळश्या घेऊन धावली. मुलगी दाराआडून हसली. मुलगी पसंत होती, मीही पसंत पडलो, पण ते हसू मला लागलं. साखरपुड्याला याच गाडीतून जायचं होतं.

माझा आतेभाऊ वसंता नागपूरला कारखान्यात होता. त्यानं डबा भरून ते द्रव्य दिलं. बिनरंगाचं, तेलकट, जडसर. म्हणाला, पूर्वी विमानांच्या इंजिनात असलंच काही घालत. थेंबभर पाणी मिसळू नको, गाडी उकळणार नाही. आणि निघताना — हे नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे — निघताना म्हणाला, "गोड लागते हे. पन जहर आहे. ढोराच्या तोंडाले लागू देऊ नोको."

मी ऐकलं होतं. आठवत नव्हतं असं नाही. समजलं नव्हतं असंही नाही.

बाबांना विचारलं तर त्यांनी एका वाक्यात नाही म्हटलं. गाडी आजवर पाण्यावर चालली, पुढंही पाण्यावर चालंल. मग मी ते गुपचूप भरलं. घरात कुणाला सांगितलं नाही. दादारावालाही नाही.

दादाराव आमच्या बागेत कामाला होता. मी हाफपँटमध्ये होतो तेव्हापासून. बौद्ध घरातला, उंच, कमी बोलणारा. बायको यमुना आमच्याकडेच संत्री तोडायला यायची. त्याच्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरानं मेलेली जनावरं ओढणं सोडलं होतं. त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी काकांची म्हातारी गाय मेली, तेव्हा काकांनी त्याला बोलावणं धाडलं. तो आला, हात जोडले, म्हणाला, हे काम आमच्या घरात आता होत नाही. काकांनी ते मनात ठेवलं. मला तेव्हाच ते चांगलं वाटलं नव्हतं.

मेम आता उकळेना. पण आठवडाभरात रबरी नळीच्या जोडातून झिरपू लागली. नवी नळी आणायला पांढुर्ण्याला जायचं होतं. मी रेडिएटर रिकामा केला. सगळं द्रव्य घमेल्यात काढलं — जुन्या रेडिएटरचा गंज उतरून ते तांबूस झालं होतं, अगदी पाण्यासारखं — आणि नळी बसवून पुन्हा भरायचं म्हणून घमेलं गोठ्याच्या सावलीत ठेवलं. वर काही झाकलं नाही. का नाही झाकलं? बस चुकेल म्हणून. पोतं हाताशीच होतं.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची. गाडीतून काढलेलं गंजाचं पाणीसुद्धा कुणी फेकत नसे, गुरांच्या दगडी डोणीत ओतत. ते काम दादारावाचं. हे मला माहीत नव्हतं का?

परत आलो तर घमेलं धुऊन पालथं घातलेलं. दादाराव म्हणाला, "डोनीत टाकलं भाऊ, नेहमीसारखं. हरण्या-चांद्यानं पार चाटून घेतलं." हरण्या आणि चांद्या ही काकांची बैलजोडी. मी डोणीपाशी गेलो. तळ कोरडा होता. कुणी पाहत नाही असं बघून मी ती दोन बादल्या पाणी टाकून धुतली. त्या टंचाईत, दोन बादल्या.

संध्याकाळी बैल झोकांड्या खाऊ लागले. दारू प्यायल्यासारखे. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मात्र उठले, चाऱ्याचे चार घास घेतले, आणि मला वाटलं — सुटलो. बैल वाचले असं नाही हो वाटलं. मी सुटलो, असं वाटलं. मग ते बसले ते बसलेच. चांद्याची मान काकूच्या मांडीवर होती. सौंसरहून ढोरांचे डॉक्टर आले, पुन्हापुन्हा विचारत राहिले, काय खाल्लं, काय प्याले? काय पोटात गेलं ते कळलं तर काही करता येईल म्हणाले. मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. पिशवी धरूनच उभा राहिलो.

दोन्ही बैल गेले. डॉक्टर म्हणाले, विष आहे.

मग आमच्याच अंगणात माणसं जमली. बाबा, काका, गावातले दहा-वीस जण. दादारावाला मधे उभं केलं. त्यानं सरळ सांगितलं, घमेल्यातलं गाडीचं पाणी मी डोणीत टाकलं, दुसरं काही नाही. आणि माझ्याकडे वळला. त्याला माझा भरवसा होता. "भाऊ, तुमीच सांगा. गाडीचंच पानी व्हतं न ते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला काय काय दिसलं सांगू? बैलाची हत्या माझ्या माथ्यावर. सौंसरची मंडळी मागे फिरलेली. दाराआडचं ते हसू. बाबांचा चेहरा. आणि दादाराव तर मान पुढं करून हो ऐकायलाच थांबलेला.

"हव," मी म्हटलं. "पानीच व्हतं."

त्याचा जीव भांड्यात पडला. मी त्याच्या बाजूनं बोललो असं त्याला वाटलं. तेवढ्यात काका उठले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "पानी व्हतं, तं बैल मेले कायनं? घमेल्यात कालवलं कोनं मंग?" कुणीतरी मागून म्हणालं, खाल्ल्या घराचे वासे मोजले. कुणीतरी म्हणालं, तवा गाय ओढली नाही, आता बैल मारले. मग तो जुना शब्द आला, जो त्याच्या बापाच्या, आजाच्या तोंडावर फेकला जात असे — जनावरांना विष घालणारे. तो मी पहिल्यांदा आमच्या अंगणात ऐकला. माझ्या 'हव'मधून तो निघाला होता.

त्याला मारलं नाही. तुम्हाला वाटेल, मग काय झालं? त्याला कुणी काम दिलं नाही, एवढंच झालं. ना आमच्या गावानं, ना लोधीखेड्याकडच्या बागांनी. बातमी त्याच्या आधी पोचायची. विहिरीवर यमुना आली की बायका घागरी उचलून घ्यायच्या, विष कालवेल म्हणून. मी हे रोज बघत होतो. रेडिएटरमध्ये पुन्हा पाणी भरलं होतं. साखरपुड्याला मेम घाटाखालीच उकळली, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

त्यांनी गाव सोडलं तेव्हा मी तिगावच्या स्टेशनवर संत्र्याच्या पेट्या चढवायला गेलो होतो. दादाराव दिसला. यमुना, दोन मुली, एक पत्र्याची पेटी, गोधड्यांचं गाठोडं. मी पेट्यांच्या आड सरकलो, पण त्यानं पाहिलंच. फलाट ओलांडून आला. मला वाटलं, कळलं याला. मारंल. मारावं असंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "भाऊ, साऱ्या गावात तुमीच एकटे खरं बोल्ले. मी इसरनार नाही."

गाडी हलली तेव्हा त्याची धाकटी मुलगी खिडकीतून मला हात हलवत होती. मीही हलवला.

आता आत स्वयंपाकघरात बायको चहा करते आहे. दाराआड हसलेली, तीच. पुतण्याला उद्या फोन करीन, त्या द्रव्याची राहिलेली गोष्ट सांगीन, भांडं झाकून ठेव म्हणेन. दादाराव आहे की नाही, कुठं आहे, मला ठाऊक नाही. कधी शोधलं नाही. असेल, तर आजही कुणाला तरी सांगत असेल की त्या गावात एक खरं बोलणारा माणूस होता.

ते पाणी नव्हतं.