चुलतभावाच्या नळातला करंट

लोहगडवाडीत माझ्या आणि चुलतभावाच्या घरामध्ये गुडघाभर उंचीचा दगडी बांध आहे. वाटणीत घर, शेत, म्हशी, अगदी पाटा-वरवंटाही वाटला गेला. विहीर आणि तिच्यापासून येणारा लोखंडी पाइप तेवढा सामाईक राहिला.

गडावर येणाऱ्यांसाठी दोघांनीही खोल्या बांधल्या. मी आधी बांधल्या, हे सांगून ठेवतो. पण त्याच्या न्हाणीघरांत जमिनीला काळा कडप्पा, स्टीलचे नळ आणि ताटाएवढाले शॉवर. माझ्याकडं प्लॅस्टिकचे नळ आणि खडबडीत कोबा झाकायला अंथरलेली प्लॅस्टिकची जाळी. गडावरून चिखलानं माखून उतरलेले लोक माझ्या दारावरून सरळ त्याच्याकडं जायचे. पन्नाशीचा मी, पडवीत बसून त्याचे शॉवर मोजायचो. मोजून एकही कमी होत नसे.

मग एका शनिवारी त्याच्याकडची एक पाहुणी ओल्या केसांनी बाहेर आली आणि म्हणाली, "नळाला हात लावला की मुंग्या येतात." मी बांधापलीकडून ऐकलं. त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली, तरी तो गोड लागला. आठवडाभर मी ही बातमी हळहळत हळहळत वाडीतल्या प्रत्येक टपरीवर पोचवली. "बिचारा. येवढा थाट केला, आन् नळाला करंट." पुढच्या शनिवारी माझ्या सगळ्या खोल्या भरल्या.

रविवारी सकाळी काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, तिकडचा नळ धरला आणि झटक्यानं त्या मागं पडल्या. कोपर सोललं, जीव वाचला. माझी आई शेतावर गेली की मला याच काकूंनी भरवलंय. चहाची गोडी तिथंच उतरली.

चुलतभावानं कामशेतहून म्हातारा वायरमन आणला. आम्ही त्याला आबा म्हणतो. आबानं नळाला टेस्टर लावला, लाल दिवा पेटला. मग चुलतभावाच्या घराचं मेन स्विच पाडलं. दिवा पेटलेलाच.

"ह्यो हितला करंट न्हाई," आबा म्हणाला. "पायपातनं पावना आलाय. पल्याडचं मेन पाडा."

पल्याड म्हणजे मी. माझा गीझर चालू, पाहुण्यांची अंघोळीला रांग, आणि मेन पाडलं तर सगळ्यांदेखत निकाल लागणार.

"आबा, मान्सं साबण लावून उबी हायत," मी म्हणालो. "दुपारच्याला बघू की."

काकू ओट्यावर कोपराला हळद लावून बसल्या होत्या. "बघ बाबा तुज्या सवडीनं," त्या म्हणाल्या. "मी हाय हितंच."

मी जाऊन मेन पाडलं. टेस्टर विझला.

माझ्या गीझरची कॉइल गेली होती आणि करंट त्याच्या पत्र्यात उतरत होता. अर्थिंगचा खड्डा खणताना मला कातळ लागला, म्हणून मी अर्थिंगची वायर सरळ त्या सामाईक पाइपाला गुंडाळली होती. लोखंडच की, जमिनीतच गेलंय, असा माझा हिशेब. माझे पाहुणे प्लॅस्टिकवर उभं राहून प्लॅस्टिकचे नळ फिरवत होते, म्हणून त्यांना काही कळलं नाही. माझा करंट मात्र बांध ओलांडून त्याच्या स्टीलमध्ये आणि ओल्या कडप्प्यावर जात होता. माझ्या गिऱ्हाइकांसारखाच.

"नजर लागती म्हंत्यात," चुलतभाऊ म्हणाला. "पर वायर जोडून लावल्याली पयल्यांदाच बगतोय."

"चुकलं माजं," मी म्हणालो.

आबानं माझा गीझर उतरवला, करंट गळला की आपोआप पडणारं स्विच दोन्ही घरांना बसवलं आणि पहार घेऊन अर्थिंगला जागा शोधत फिरला. माझ्या हद्दीत पहार नुसती खणखणत राहिली. बांधापलीकडं, चुलतभावाच्या न्हाणीचं पाणी जातं त्या केळींपाशी, ती दहीभातात बोट जावं तशी आत गेली. अर्थिंगला ओली माती लागते. वाटणीत कातळ माझ्याकडं आला आणि ओल त्याच्याकडं गेली.

"घाल हितं," चुलतभाऊ म्हणाला. "पर आदी समद्या टपऱ्यांवर जाऊन खरं काय ते सांगून ये."

गेलो. एकही टपरी सोडली नाही. टपरीवाले खूश होते, ही बातमी पहिलीपेक्षा चांगली होती.

आता माझं अर्थिंग त्याच्या पाहुण्यांच्या अंघोळीच्या पाण्यावर ओलं राहतं. म्हणजे त्याच्या खोल्या भरलेल्या असाव्यात असं मला मनापासून वाटायला हवं, आणि वाटतंही. त्या केळीला यंदा धरलेला घड तेवढा बघवत नाही.