भावाचे तांदूळ

बाबा सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचे. ते वेगळे राहू लागले तेव्हा मी सातवीत होते. आई मला घेऊन मामाकडे आली. मामाची ऐपत आम्हाला जेवू घालण्यापुरती. माझी शाळा सुटायच्या बेतात होती. म्हणून पोटगीचा अर्ज करायला आम्ही डिचोलीला गेलो.

कोर्टाच्या पायऱ्यांशेजारी एक टायपिस्ट बसायचे. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. यंत्रावरची लाल धूळ फुंकायची, ओळ आधी मोठ्याने म्हणायची आणि मगच टाइप करायची, अशी त्यांची रीत. माझ्याकडे बोट करून ते आईला म्हणाले, "बाये, ह्या चलयेचो खर्च सांग."

आईने कपडे आणि औषधं सांगितली.

"आनी तांदूळ?"

"ते भाव दिता. घालूं नाकात," म्हणत आईने ते अर्जात नको म्हणून हात हलवला.

त्यांचे हात थांबले. "तांदूळ भावाचे. पूण चली कोणाची?"

त्यांनी तांदूळ बाजारभावाने घातले. मग माझ्याकडे वळून फी, वह्या, बसभाडं एकेक विचारून घेतलं.

कोर्टाने बाबांची कमाई आणि तो अर्ज समोर ठेवून रक्कम ठरवली. त्यात तांदूळ धरले होते, शाळाही धरली होती. दरमहा ते पैसे येऊ लागले आणि आई त्यातून स्वतः तांदूळ आणू लागली.

त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. मी बी. ए. झाले, आमच्या घरात पहिलीच.