काकूंचे डोळे आणि माझा बारा वॅटचा बल्ब

मी दिवे विकतो, आणि दिव्यांबद्दल कोणी न विचारता बोलायची मला खोड आहे. गिऱ्हाईक नुसता होल्डर मागायला आलं तरी वॅट आणि लुमेनमधला फरक ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसते. घरातले जुने पिवळे बल्ब काढा, एलईडी लावा, असं सांगून सांगून मी अख्खी गल्ली बदलून टाकली. त्याची मला घमेंडच होती म्हणा ना. ती घमेंड रफूवाल्या काकूंना महागात पडली आणि मी फुकटात सुटलो, म्हणून हे सांगतोय.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. दुकानामागच्या इमारतीत तळमजल्यावर त्या आणि त्यांची नोकरी करणारी लेक, अशा दोघीच राहतात. चौकातला लॉन्ड्रीवाला जळलेल्या पँटी, कसर लागलेले कोट, फाटलेल्या शाली त्यांच्याकडे पाठवायचा. काकू आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे उपसायच्या आणि भोकावर एकेक धागा असा विणत न्यायच्या की भोक कुठे होतं ते मालकालाही बोट ठेवून सांगता येऊ नये. शिवणीत धागा शिल्लक नसेल तर त्यांची पत्र्याची पेटी उघडायची. तिच्यात नुसत्या तपकिरी रंगाचीच चाळीसेक रिळं होती. मला ती सगळी सारखीच दिसतात असं एकदा म्हणालो, तर म्हणाल्या, बायकोला जपून हाक मारत जा, भलतीच बाई ओ द्यायची.

त्यांच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. भरदुपारीही दिव्याशिवाय सुईत दोरा जात नाही. त्यामुळे कामाच्या टेबलावर साठ वॅटचा पिवळा बल्ब दिवसभर जळायचा. लेकीने त्यावरून कुरकुर केली आणि दोघी माझ्या दुकानात आल्या. मला आयतंच सापडलं. नऊ वॅटचा पांढरा एलईडी लावून दाखवला, हात जवळ धरायला लावला, बघा, कपाळ भाजणार नाही म्हणालो. काकूंनी एकच विचारलं, यात रंग नीट दिसतील ना? मी हसलो. म्हटलं, काकू, हा दिवसासारखा पांढरा उजेड आहे, आजवर पिवळ्यात बिघडत होते ते रंग आता खरे दिसतील.

दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात, याचा शंभरपैकी एक आकडा असतो. कधी खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात छापलेला असतो, कधी माहितीपत्रकात. जुन्या पिवळ्या बल्बचा तो जवळजवळ शंभर भरतो, काही एलईडींचा बराच कमी. तो बघायचे कष्ट मी कधी घेतले नव्हते.

दोन महिन्यांनी काकू एकट्याच आल्या आणि जास्त उजेडाचा बल्ब मागितला. मी त्याच कंपनीचा बारा वॅटचा दिला, वर चेष्टाही केली की आता वय मान्य करा. एरवी त्यांनी मला सोडलं नसतं. त्या दिवशी नुसता बल्ब घेऊन गेल्या.

झालं होतं असं. एका माणसाच्या वारलेल्या वडिलांचा गडद तपकिरी कोट कसरीने छातीवर खाल्ला होता. शिवणीत धागा नव्हता, म्हणून काकूंनी पेटीतला निवडला आणि चार दिवस खपून भोक भरलं. दिव्याखाली काही म्हणजे काही दिसत नव्हतं. माणसाने लॉन्ड्रीबाहेर उन्हात कोट अंगात घातला, तर छातीवर चार बोटं रुंद हिरवट डाग. काकूंनी सगळं उसवलं, बारा वॅटखाली नवा धागा निवडला, पुन्हा भरलं. या वेळी डाग लालसर आला. तो माणूस एक शब्दही वाकडा बोलला नाही. कोटावरून हात फिरवत उभा राहिला आणि गेला. काकूंना ते फार लागलं.

धागे दारात नेऊन जुळवावेत हे त्यांना सुचलं नाही असं नाही. पण जो डोळा घरात फसतो तो बाहेर तरी कशाला खरा मानायचा, असा त्यांचा हट्ट. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे, या वयात व्हायचंच, घाबरायचं कारण नाही. काकूंनी त्यातलं मोतीबिंदू तेवढं ऐकलं. तशाच उठून लॉन्ड्रीत गेल्या आणि सांगून आल्या की मला आता रंग कळत नाहीत, काम पाठवू नका. मागे कोणी बोलण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, ही त्यांची रीत.

हे मला त्यांच्या लेकीने सांगितलं. आई हात मांडीवर ठेवून बसून असते म्हणाली, बाहेर जाताना कपडे घातले तरी विचारते, हे एकमेकांवर जातात का. मी मान हलवली आणि वयापुढे कोणाचं चालतं, असलं काहीतरी बोललो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग एक दिवस दुसऱ्या कंपनीचा विक्रेता दुकानात आला. त्याच्याकडे दोन कप्प्यांचा खोका होता, दोन्हीत कापडाच्या त्याच पट्ट्या, दिवे मात्र वेगळे. उजवीकडे त्याचा बल्ब, डावीकडे मी विकतो तो. उजव्या कप्प्यात तीन तपकिरी पट्ट्या मला, मलासुद्धा, वेगळ्या दिसत होत्या. डाव्या कप्प्यात तिन्ही एकच. त्याचं बोलणं अर्धवट तोडलं, त्याचा बल्ब हातात घेतला आणि काकूंचं दार गाठलं.

"काकू, तुमचे डोळे ठीक आहेत. बल्ब मी चुकीचा दिला," मी म्हणालो.

"समजूत काढायला आलायस का?" त्या म्हणाल्या.

मी वाद घातला नाही. पेटीतली चार रिळं बारा वॅटखाली ठेवायला लावली, मग बल्ब बदलला. मघाशी एकसारखी दिसणारी ती रिळं त्यांनी एकेक करून वेगळी मांडली. मला वाटलं शिव्या देतील, आणि त्या मी निमूट खाल्ल्या असत्या. त्या एवढंच म्हणाल्या की त्या माणसाने कोट तसाच नेला रे.

मी लॉन्ड्रीवाल्याकडे गेलो, चूक माझी म्हणून सांगितलं. त्याला पटलं नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने दुसरा रफूवाला धरलाही होता. तरी माझ्या भिडेखातर त्याने सिगारेटने जळलेली एक करडी पँट दिली. ती घेऊन मी उड्या मारत परत आलो, जणू सगळं निस्तरलंच होतं.

काकूंनी चष्मा लावला. पेटीतून एकच रीळ उचललं, धागा तोडला आणि भोकाशेजारी ठेवला. तो कापडात दिसेनासा झाला. मी मनातल्या मनात सुटलो.

पण त्यांनी सुई घेतली नाही. पँट आणि धागा घेऊन त्या दारात उजेडात गेल्या. बघितलं. परत दिव्याखाली आल्या. पुन्हा दारात गेल्या. मग माझ्यासमोर कापड धरून हळूच म्हणाल्या, "हाच आहे ना रे?"

"हाच आहे, काकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, धागा पँटच्या खिशात घातला आणि पँटची घडी घातली.

"राहू दे. लेक आली की तिला एकदा विचारते."