नेदर हॉब्लीचं मूळ गाव

कल्पना करा, तुमच्या हातात फक्त एका गावाचं नाव आहे आणि ते गाव तुम्हाला इंग्लंडात शोधायचंय. जवळ नकाशा आहे तो शाळेतला, आणि आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे एसटीनं भोर ते पुणे.

कुंडलिक भालेराव यांनी १९६८ साली हे काम हाती घेतलं. भाटघरच्या पाटबंधारे कचेरीत ते ट्रेसर होते. गावनकाशे ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवायचे. एखादा ओढा चुकला तर त्यांना जेवण जात नसे.

शोध आईसाठी होता. फुलाबाई चार वर्षांच्या असताना त्यांचे वडील भागूजी एका इंजिनियर साहेबाचे खानसामा म्हणून विलायतेला गेले. १९१२ साली त्यांचं एक कार्ड आलं. 'खुशाल आहे', आणि खाली इंग्रजीत ठिकाण: नेदर हॉब्ली, डेव्हन. पुढं काहीच नाही. त्यांच्या वाडीनं निकाल लावून टाकला, भागूनं तिकडं मडमेशी पाट लावला. हे ऐकत फुलाबाई साठीला आल्या. नळावरच्या भांडणातही कुणी म्हणे, "जा की तुज्या गोऱ्या आईकडं!"

जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी तिकडं चर्च ठेवतं, असं कुंडलिकरावांनी वाचलं होतं. त्यांनी नेदर हॉब्लीच्या पाद्र्यांना पत्र धाडलं. ते परत आलं. मग डेव्हनच्या कचेरीला लिहिलं. उत्तर आलं: या नावाचं पॅरिश, म्हणजे चर्चच्या दप्तराचं गाव, आमच्या यादीत नाही.

"मंजी गावच खोटं?" फुलाबाई म्हणाल्या. "लोक खरंच म्हनत हुते तर."

त्यानंतर आठवड्यानं फुलाबाई तलाठ्याकडून तणतणत आल्या. कुंडलिकराव जेवत होते.

"म्हनतो, म्हातारे, वाडीचा उतारा नसतो, गाव उत्रोली सांग. आता म्या ऱ्हाती वाडीत, उत्रोली कशाला सांगू?"

कुंडलिकरावांचा घास हातातच राहिला. "आये, आजानं बी वाडीच सांगितली!"

माणूस राहत्या वस्तीचं नाव सांगतो. दप्तर असतं मूळ गावाचं. इतकी वर्षं नकाशे उतरवले, पण वाडीचा वेगळा नकाशा त्यांच्या टेबलावर कधी आलाच नव्हता.

डेव्हनच्या कचेरीला धाडलेल्या नव्या पत्रात एकच प्रश्न होता: नेदर हॉब्लीची माणसं कुठल्या चर्चच्या हद्दीत येत? उत्तर आलं: ॲमर्स्टन. तिथं लिहिल्यावर पाद्र्यांनी दफनाच्या वहीतली नोंद स्वतः उतरवून पाठवली. 'भागू, हिंदुस्थानी नोकर, राहणार नेदर हॉब्ली, वय सुमारे तीस, फेब्रुवारी १९१३.'

फुलाबाईंनी ती लेकाकडून दोनदा वाचून घेतली. पदर तोंडाला लावला; रडतायत की हसतायत, कळेना. मग शेजारच्या ठकुबाईंना हाक मारली.

"ठके, ऐकलंस का? माजा बा आमाला टाकून ऱ्हायला न्हाई. सालभरात गेला बिचारा."

"मंग ती मडम?"

"मडम तुज्या डोस्क्यात!"

दोघीही हसल्या. कित्येक वर्षांत आई इतकी मोकळी बसलेली कुंडलिकरावांनी पाहिली नव्हती.

ते आभाराचं पत्र लिहायला बसले, तेव्हा फुलाबाई जवळ सरकल्या. "त्यास्नी येक इचार. तितं आपलं कुनीच न्हवतं. मंग माज्या बाला माती कुनी दिली?"