आमची शाळा शंभर टक्के समलिंगी

शिरूरहून दौंडकडं येताना उसाच्या ट्रॉल्यांनी कायमचा उखडून ठेवलेला एक रस्ता लागतो. त्या रस्त्याच्या कडेला आमची शाळा आहे. पाचवी ते बारावी. मी तिथं मराठी शिकवते. तसं शाळेत शिक्षणही चालतं, नाही असं नाही. पण शाळेचं खरं काम एकच, पोरापोरींना एकमेकांपासून लांब ठेवणं. जिने दोन, पोरांचा वेगळा, पोरींचा वेगळा. सहलीच्या गाड्या वेगळ्या. चुकून एखाद्या पोरीनं पोराकडं कंपास मागितली की आमचे पीटीचे सर शिट्टी अशी फुंकतात, की मैदानावरची कुत्रीसुद्धा उठून बसतात.

अशा या कडेकोट बंदोबस्तात अकरावीतल्या दोन पोरींचं एकमेकींवर प्रेम बसलं. एकाच बाकावर. शाळेनंच तर त्यांना शेजारी शेजारी बसवलं होतं!

त्यातल्या एकीचे वडील सोसायटीचे चेअरमन, शाळेच्या कमिटीवर, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. दुसरी इनामगावच्या अलीकडची. तिच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता थोडी शेती. वडील नाहीत. आई रांजणगावला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते.

चेअरमनची पोर एकदा मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आली. म्हणाली, "बाई, बाकीच्या पोरींना पोरं आवडत्यात. मला ही आवडती. मैत्रीण म्हणून न्हाई. तसंच."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? कुणाला कोण आवडावं हे काय मला विचारून ठरतं?

"घरी कळलं तर शाळा बंद, बाई. आत्याचं पोरगं तयारच हाय. तिचंबी तेच. आई तिला मामाच्या घरी नेऊन घालंल, आन् मग मांडव." आणि मग अगदी हळू, "आम्हाला दोघींना बारावी तरी करायचीय वो."

एवढंच मागणं होतं बघा. बारावी.

त्यानंतर काही दिवसांनी वरून आदेश आला. समलिंगी विद्यार्थ्यांना शाळेत सुरक्षित वाटावं, त्यांचा मान राखला जावा, म्हणून प्रत्येक शाळेनं एक सत्र घ्यायचं. पुण्याहून समुपदेशक बाई येणार. मुख्याध्यापकांनी तो मेसेज मोबाईलवर वाचला आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं माणूस सुधारला. कसलं काय!

सत्राच्या दिवशी मुख्याध्यापक सर प्रास्ताविकाला उभे राहिले. "बाईंना सांगायला आनंद वाटतो," ते म्हणाले, "की ही योजना आमच्याकडं पहिल्यापासून लागू हाय. बाकावर मुलगी मुलीशेजारी, मुलगा मुलाशेजारी. जिना वेगळा, डबा खायची जागा वेगळी. मिश्र बैठक आम्ही खपवूनच घेत नाही. अभिमानानं सांगतो, आमची शाळा शंभर टक्के समलिंगी आहे!"

टाळ्या. पहिली टाळी पीटीच्या सरांची. मागच्या रांगेतली बारावीची पोरं, ज्यांना मोबाईलमुळं या जगातलं सगळं ठाऊक असतं, ती हसून हसून बाकाखाली गेली. मी रुमाल तोंडात कोंबला. एक मात्र कबूल केलं पाहिजे, सरांनी शब्दाची फोड बरोबर केली होती. व्याकरणात मी त्यांना पैकीच्या पैकी दिले असते.

पुण्याच्या बाई घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी न हसता, न चिडता सगळं समजावून सांगितलं. काही मुलांना मुलं आवडतात, काही मुलींना मुली. हा आजार नाही, थेर नाही, संगतीनं लागत नाही. त्यांना चिडवू नका, आणि सुरुवात शिक्षकांपासून करा. शेवटी त्या म्हणाल्या, एखाद्या मुलानं विश्वासानं काही सांगितलं, तर त्याला न विचारता ते घरापर्यंत नेऊ नका; घरी मार असतो, घरी लग्न असतं. आठवीतल्या मऊ बोलणाऱ्या पोराला रोज भर मैदानात "ए बाई, पळ की" म्हणणारे आमचे पीटीचे सर तेवढा वेळ पंख्याकडं बघत होते. मुख्याध्यापकांचा चेहरा पार ताकासारखा पातळ झाला होता.

दुसऱ्या दिवशी नवा हुकूम. मुलगी मुलाशेजारी बसवणं तर पहिल्यापासूनच धोक्याचं होतं. आता मुलगी मुलीशेजारी बसवणंही धोक्याचं निघालं. मग उरलं काय? एका बाकावर एक पोर! बाक पुरेनात, तर अर्धी शाळा फरशीवर, हातभर अंतर सोडून. पीटीचे सर छडी आडवी धरून अंतर मोजत फिरत होते. सुरक्षितता म्हणजे काय, हे आमच्या शाळेला असं समजलं. डोंबल समजलं! पोरांच्या पँटी मळायला लागल्या, आयांनी बोंब ठोकली, तेव्हा कुठं बाक पहिल्यासारखे झाले.

मग शोध सुरू झाला, आपल्यात 'तसलं' कोण. पीटीच्या सरांनी या दोघींकडं बोट दाखवलं. सारख्या बरोबर असतात म्हणे, एकमेकींच्या वेण्या घालतात म्हणे. मुख्याध्यापकांनी चेअरमनना शाळेत बोलावलं.

मी तडक केबिनमध्ये गेले. "सर, तुम्ही घरी सांगितलंत तर पोरींची शाळा सुटेल. त्या बाई एवढं घसा फोडून सांगून गेल्या ना?"

"त्या गेल्या पुण्याला," सर म्हणाले. "मला इथं राहायचंय. पालकांना अंधारात ठेवू का? शाळेची काही जबाबदारी आहे, बाई."

जबाबदारी! हा शब्द या माणसाच्या तोंडून ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

चेअरमन आले. पोर केबिनच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. मी मुद्दाम आत जाऊन उभी राहिले.

"बोला सर," चेअरमन म्हणाले.

सरांनी खाकरलं. चष्मा पुसला. "आबा, ते... मुलीचं... म्हणजे मैत्रीचं प्रमाण जरा जास्त झालंय."

"कुणाशी? पोराशी?"

"छे छे! पोराशी नाही. मुलीशीच. पण ती मैत्री म्हणजे... म्हणजे ते जे सत्रात..." आणि दातखीळ! भर सभेत माईकवर ठणकावलेला शब्द, आता समोरच्या खुर्चीवर कमिटी बसली होती, तर ओठांवर येईना. घाम मात्र आला.

चेअरमन खदखदून हसले. "पोरीशीच हाय ना? मग असू द्या की! आवो, मी घाबरलोच. ह्याच्यासाठी ऊसतोड सोडून पळत आलो व्हय?" चहा प्यायले आणि निघून गेले. जाताना लेकीच्या डोक्यावर टपली मारली.

मी बाहेर आले. ती अजून भिंतीला टेकूनच होती. मला वाटलं आता हसेल. ती म्हणाली, "बाई, सरांना बोलता आलं न्हाई म्हणून मी वाचले. समद्यांना कळलं तरीबी वाचंन, अशी शाळा कुठं हाय का?"

आपल्या सरांचा भित्रेपणा हाच जर पोरींचा आधार, तर आग लागो त्या सत्राला आणि त्या टाळ्यांना. मी विषय बदलला, "तुझी मैत्रीण कुठाय? तिला सांग जा, काही झालं नाही म्हणून."

"आज आली न्हाई. फोन बंद लागतोय."

मी तशीच मागं वळून केबिनमध्ये गेले. सर कपाळ पुसत होते.

"तिच्या आईला कुणी काही बोललंय का?"

"मीच. काल सकाळीच फोन केला होता. ती बाई आज तिला मामाकडं पोचवतीय म्हणं."

"काय सांगितलंत तिला?"

"काय म्हणजे? जे आहे ते. शब्दच सांगितला सरळ, अर्थासकट. तिला समजेना, तर दोनदा सांगितला."

"तिला बरा सांगता आला?"

सरांना माझा प्रश्नच कळला नाही. "का?" ते म्हणाले. "तिला सांगायला काय हरकत होती?"

पोर दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.